एफसी रोडवर नवीन काय खावं? जुन्या कंपूची फेरी आणि तुमची भर

टेकडीवरचा

मंडळी, पुण्यातल्या एफसी रोडवर, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर, गेल्या काही वर्षांत खाण्याच्या छोट्या दुकानांची इतकी भर पडली आहे की कॉलेज सोडून बराच काळ लोटलेल्या माणसाला पाट्या वाचत वाचतच चालावं लागतं. आमचा फर्ग्युसनचा कंपू पुष्कळ दिवसांनी पुण्यात जमला. एक जण बंगळुरूहून, एक मैत्रीण नाशिकहून, बाकी आम्ही इथलेच. शनिवारची संध्याकाळ मोकळी होती. मी अट घातली की वैशाली, रूपाली, गुडलक, वाडेश्वर ही जुनी हॉटेलं आज नाहीत. तिथलं काय आवडतं ते सगळ्यांना पाठ आहे. आज फक्त आमच्या वेळी नव्हती ती ठिकाणं. नाशिककरीण एसपीडीपीसाठी (शेव-बटाटा-दही-पुरी) हिरमुसली, पण मानली.

मग तिने स्वतःची अट घातली आणि तीच जास्त कामाची ठरली. कुठेही आधी एकच प्लेट मागवायची, सगळ्यांनी मिळून खायची, आवडली तरच दुसरी. पोट लवकर भरत नाही, पैसे वाया जात नाहीत आणि प्रत्येक पदार्थावर भांडायला सगळ्यांना सारखा हक्क मिळतो.

ज्ञानेश्वर पादुका चौकातून सुरुवात केली आणि वाहनं जातात त्याच दिशेने गुडलक चौकाकडे निघालो.

पहिला थांबा उभ्याने खायच्या इडली-डोशाच्या दुकानात. खुर्ची एकही नाही, छातीइतक्या उंचीचे स्टीलचे गोल ओटे, पैसे आधी, टोकन घ्या, नंबर पुकारला की ताटली उचला. इथे आमचा बंगळुरूकर एकदम खुलला. तिकडे अशा दुकानांना दर्शिनी म्हणतात. १९८३मध्ये जयनगरला कॅफे दर्शिनी सुरू झालं आणि तिथून ही पद्धत शहरभर पसरली, असं त्याने सांगितलं. आम्ही तट्टे इडली घेतली, म्हणजे ताटलीएवढी पसरट, वरून पोडी (डाळ-मिरचीची कोरडी चटणी) आणि तूप. त्याने खाण्याआधी बोटाने मधोमध दाबून पाहिली. पसरट इडली कडेला शिजते आणि मध्ये चिकट राहते, तिथेच परीक्षा होते म्हणे. ही पास झाली. पोडीत डाळ खमंग भाजलेली होती, तूप भरपूर होतं. दुसरी प्लेट लगेच आली.

बेण्णे डोसाही घेतला. लोणी घातलेला, आपल्या नेहमीच्या मसाला डोशापेक्षा लहान आणि जाड, वरून कुरकुरीत, आतून मऊ. सोबत बटाट्याची पांढरी भाजी आणि खोबऱ्याची चटणी. आमच्यातल्या एकाने सांबार मागितलं, तर बंगळुरूकर म्हणाला, "दावणगेरेच्या या डोशाला सांबार नसतं, चटणीबरोबर खा." खाल्ला आणि पटलं. त्या लोण्यावर सांबार ओतलं असतं तर दोन्ही बिघडलं असतं. शेवटी फिल्टर कॉफी, छोट्या पेल्यात, कडक. एवढ्यात माणशी शंभराची नोट पुरली.

दुसरा थांबा कोरियन. इथे मी साशंक होतो, कारण सॉस लाल केला की झालं कोरियन, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. तोकपोक्की घेतली. तांदळाच्या पिठाच्या बोटभर लांबीच्या, चिवट, गुळगुळीत वड्या आणि त्यावर गोचुजांगचा रस्सा. गोचुजांग म्हणजे मिरची, तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली घट्ट चटणी. तिखटाच्या आधी गोडसर लागते आणि तिखट नंतर घशात उतरतं. आमच्यातल्या दोघांना त्या वड्यांचा चिवटपणा मुळीच आवडला नाही, मला फार आवडला. रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, तिथे स्वतः शिजवून घ्यायची यंत्रं होती, कॉलेजची मुलं त्याभोवती गर्दी करून उभी. पाकीट फोडून उकळत्या पाण्यात टाकण्यात कौशल्य कुणाचं, हे मला कळलं नाही, पण मुलांना मजा येत होती हे खरं.

तिसऱ्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही. छान दिवे, भिंतीवर वेली, मेनूत पिझ्झा, पास्ता, मोमो, मिसळ, बिर्याणी, वॉफल, सगळं. आम्ही मोमो घेतले. बाहेरून गरम, आतून गार. तंदूरी पनीर पिझ्झ्यावरचं चीज थंड होताच रबरासारखं ताणायला लागलं. वाढणारा मुलगा बिचारा अदबीने वागत होता, त्याचा दोष नाही. पण एवढ्या पदार्थांपैकी त्या स्वयंपाकघरात खरोखर शिजतं काय आणि फ्रीजरमधून निघून फक्त गरम होतं काय, हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या मनात आला.

चौथं, बोबा चहा. तैवानचा. तळाशी काळे मऊ गोळे, जाड नळीने ओढून घ्यायचे. नाशिककरीण म्हणाली, "अगं बाई, हा तर साबुदाणा!" आणि तिचं बरोबरच होतं. दोन्ही एकाच कंदाच्या पिठाचे, टॅपिओकाचे. म्हणूनच तो ताजा हवा. उकळल्यावर काही तासांत गोळे आतून कडक व्हायला लागतात. आम्ही काउंटरवर विचारलं की हे कधी उकळले. मुलीने न अडखळता वेळ सांगितली आणि मोठं पातेलं दाखवलं. गोळे मऊ होते, दाताला किंचित लवचीक. साखर मात्र निम्मी सांगा, पूर्ण गोडीत चहाची चव लागतच नाही.

माझं मत ठाम झालंय. या रस्त्यावर नवीन ठिकाणी जायचं तर जिथे एक-दोनच पदार्थ करतात, ते डोळ्यांसमोर करतात आणि सतत संपतात, तिथे जा. मेनू लांबला की पाय बाहेर काढा. तुमचे अनुभव लिहा.

---

निळी_शाई

छान लिहिलंय, वाचताना भूक लागली. इडलीचं पटलं. पण मला एक गोष्ट खुपते. या सगळ्या वर्णनात तुम्ही बसलात कुठे? उभ्याने इडली, उभ्याने रामेन, चालत चालत चहा. बसायला जागा मिळाली ती फक्त त्या तिसऱ्या ठिकाणी, जिथे खाणं वाईट होतं.

आम्ही नव्वदच्या दशकात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये होतो. वर्गात न झालेली चर्चा समोरासमोर बसून, कॉफी गार होईपर्यंत व्हायची. खाणं निमित्त होतं. मैत्रिणीचं लग्न मोडलं ते तिने मला अशाच एका टेबलावर सांगितलं. टोकन हातात धरून, मागे चार जण जागेसाठी उभे असताना असं काही सांगता येईल का? तुमचा कंपू इतक्या दिवसांनी भेटला, मग तुम्ही बोललात कधी?

---

टेकडीवरचा

निळी_शाई ताई, प्रश्न रास्त आहे. आम्ही बोललो ते चालताना. दोन दुकानांच्या मधल्या अंतरात. दोघं पुढे, तिघं मागे, पुढच्या थांब्यावर जोड्या बदलायच्या. एका मित्राने गेल्या वर्षी वडील गेले त्याबद्दल मला फर्ग्युसनच्या फाटकापाशी सांगितलं. सगळे एका टेबलाभोवती असते तर तो बोलला नसता असं मला वाटतं. पण हे प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि दोन तास उभं राहणंही सोपं नाही, हे मान्य.

---

रोज_वारी

मी सध्या फर्ग्युसनला आहे, दुसऱ्या वर्षाला. तुम्ही सगळे ज्याला जुना एफसी रोड म्हणता तो आमच्यासाठी आई-बाबा पुण्यात आले की जायचा रस्ता आहे. वैशालीत मी आजवर गेलो तो बहुतेक वेळा घरच्यांबरोबर. मित्रांबरोबर आम्ही खातो ते उभ्यानेच आणि पार्सल घेऊन.

बसायचं म्हणाल तर कॉलेजचं आवार आहे, झाडाखालचे कट्टे आहेत, मागे हनुमान टेकडी आहे. चौघांत दोन प्लेटी घ्यायच्या आणि आत जाऊन बसायचं. आमच्या मोठ्या गप्पा तिथेच होतात, ताई. खाण्याच्या दुकानाने आम्हाला बसवून घ्यावं अशी अपेक्षाच आम्ही ठेवत नाही.

आणि दादा, रामेनच्या यंत्राबद्दल. पाकीट तेच, पण त्यात अंडं कधी फोडायचं, चीजची चकती कधी टाकायची, पाणी किती आटवायचं, यावर आमच्यात दोन तट आहेत. ज्याला जसं हवं तसं तो करतो. हॉस्टेलवर राहणाऱ्याला दिवसभरात स्वतःच्या हाताने शिजवायची तेवढी एकच संधी असते.

---

जिरं_मोहरी

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. कोरियन ठिकाणी 'व्हेज' लिहिलेलं असलं तरी दोन प्रश्न विचारा. रस्सा कशाचा आहे? मूळ पद्धतीत तोकपोक्कीचा रस्सा सुकवलेल्या बारीक माशांचा असतो. आणि किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी आहे का? इथे बरेच जण शाकाहारी आवृत्ती वेगळी करतात, पण विचारल्यावर काउंटरवरच्या माणसाला उत्तर माहीत नसेल तर मी तरी तिथे खात नाही. रामेनच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे स्वतः बघा.

---

तवा_आणि_मी

मी पुण्यातच, पण दुसऱ्या भागात, एक लहान दुकान चालवते. धागाकर्त्याने जे ओळखलंय त्याची आतली बाजू सांगते.

उभ्याने खायला लावणं हा कुणाचा उद्धटपणा नसतो. मोक्याच्या रस्त्यावर भाडं चौरस फुटावर मोजलं जातं आणि वर काही महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधीच द्यावं लागतं. एक टेबल आणि चार खुर्च्या जेवढी जागा खातात तेवढ्यात एक ओटा मावतो आणि त्याभोवती तासाभरात कितीतरी जास्त माणसं खाऊन जातात. तुम्हाला ती इडली शंभराच्या आत मिळाली ती त्या नसलेल्या खुर्च्यांमुळे. बसायला गाद्या दिल्या असत्या तर तीच प्लेट महाग झाली असती, नाहीतर तूप कमी झालं असतं.

आता एकाच पदार्थाबद्दल. इडलीचं पीठ हे रोजचं युद्ध आहे. उडीद एक आणि तांदूळ तीन-चार असं माप सगळ्यांना माहीत असतं, पण मे महिन्यात जे पीठ काही तासांत फुगून पातेल्याबाहेर येतं, तेच डिसेंबरात पुण्याच्या थंडीत रात्रभरात हलत नाही. मग पाणी कोमट घ्या, पातेली उबेला ठेवा, मीठ कधी घालायचं ते बदला, वाटताना उडीद तापू देऊ नका. हे सगळं एका पदार्थासाठी. ज्याच्या मेनूत ऐंशी पदार्थ आहेत तो हे कुणाकुणासाठी करणार? त्याच्याकडे दोन-तीन तयार ग्रेव्ह्या असतात, त्यांतूनच दहा भाज्या निघतात, आणि बाकी गोठवलेलं येतं. गोठवलेलं वाईटच असतं असं नाही, पण ते नीट वाफवायला लागणारा वेळ गर्दीत दिला जात नाही. तुमचे मोमो आतून गार निघाले ते त्यामुळे.

आणखी एक खूण देते. संध्याकाळी सहाला गेलात आणि "संपलं" अशी पाटी दिसली तर चिडू नका. ते दुकान लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी लवकर जा. ज्याचं कधीच काही संपत नाही त्याच्याकडे काल उरलेलं आज असतं.

अॅपवरून मागवणाऱ्यांना एक विनंती. डोसा मागवू नका. डब्यात वाफ धरते, पाच मिनिटांत तो चामड होतो, आणि अॅपचा हिस्सा गेल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं. चालत या, तव्यावरून थेट खा.

---

बिल_तपासनीस

खाण्याचा विषय चाललाय त्यात हिशेबाची थोडी भर, कारण नव्या ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले की बिल कुणी बघतच नाही.

१. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, बिलावर अडीच आणि अडीच असा दिसतो. दुकान कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर ते तुमच्याकडून वेगळा कर घेऊच शकत नाही.

२. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते योग्य ठरवले. नको असेल तर काढायला सांगा.

३. बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक असायला हवा. तो असतो का बघा.

---

जुना_डेक्कनकर

माझं वय सत्तरीपुढे. इथे "आमच्या वेळचा एफसी रोड" असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाची वेळ?

गुडलक १९३५चं. बन मस्का आणि इराणी चहा हा आज पुण्याचा वारसा म्हणून मिरवला जातो, पण माझ्या आजोबांना घराबाहेर, इराण्याकडे चहा पिणं मान्यच नव्हतं. जगन्नाथ शेट्टींची वैशाली आधी मद्रास हेल्थ होम होती आणि रूपालीचं नाव कॅफे मद्रास होतं. नावंच सांगतात की इडली-डोसा इथे बाहेरून आलेला पाहुणा होता. माझे वडील पहिल्यांदा डोसा खाऊन आले तेव्हा आईने विचारलं होतं, "घरात घावन मिळत नाही का?" आज त्याच रस्त्यावर कुणी बंगळुरूच्या पद्धतीचा डोसा लोण्यात भाजतो तर आम्ही त्याला नवीन फॅड म्हणायचं?

निळी_शाई यांचं दुःख मला कळतं, टेबल मलाही हवं असतं. पण या रस्त्याने येणाऱ्याला कायम खाऊ घातलंय. पालख्या पुण्यात येतात त्या याच रस्त्याने. त्या दिवशी वाहनं बंद असतात, दोन्ही बाजूंना लोक केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा घेऊन उभे असतात आणि वारकरी उभ्याने खाऊन पुढे जातात. उभ्याने खाणं या रस्त्याला परकं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रुंद केलेल्या पदपथावर खाणाऱ्यांच्या दुचाक्या चढतात आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. खा, जरूर खा, पण गाडी लांब लावून या.

---

निळी_शाई

काका, "घरात घावन मिळत नाही का" हे अगदी माझ्या आजीचं वाक्य! पालखीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरी टेबलाचा हट्ट मी सोडत नाहीये हां. तवा_आणि_मी यांनी सांगितलेला हिशेब समजला. मग मला वाटतं महापालिकेने पदपथावर बाक वाढवावेत. दुकानदाराला खुर्चीचं भाडं परवडत नाही, पण सार्वजनिक बाकावर बसून प्लेट खायला काय हरकत? जंगली महाराज रस्त्याचा पदपथ नव्याने केला तेव्हा बसायच्या जागाही केल्या. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले दिसतात तेव्हा बरं वाटतं.

---

रोज_वारी

बाकांना +१. आणि प्रत्येक बाकाशेजारी कचऱ्याचा डबा. सध्या कागदी प्लेट हातात घेऊन डबा शोधत फिरावं लागतं.

---

सावकाश_चला

धागा सुरुवातीपासून वाचतेय. माझी आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, पण खायची प्रचंड हौस. ती बोबाबद्दल वाचून म्हणाली, "मला तो साबुदाण्याचा चहा प्यायचाय." इडलीही हवी आहे. उभं राहणं पाच मिनिटांवर जमत नाही. तिला न्यायचं तर कसं न्यावं? आम्ही वनाज भागात राहतो.

---

टेकडीवरचा

सावकाश_चला, आईंना नक्की न्या. माझ्या आईचे गुडघेही असेच आहेत, त्यामुळे हे नीट विचार करून लिहितोय.

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी दुपारी साडेतीन-चारला निघा. वनाजहून मेट्रो थेट आहे, डेक्कन जिमखान्याला उतरा, लिफ्ट आहे. तिथून गुडलक चौक जवळ असला तरी आईंना चालवू नका, रिक्षा करा. रस्ता एकेरी असल्याने रिक्षा थोडी फिरून वरच्या बाजूने येईल, ते सोयीचंच आहे. आधी इडलीच्या दुकानाशी थांबा. रिक्षावाल्याला दहा मिनिटं थांबायची विनंती करा, वरचे पैसे ठरवून घ्या. तुम्ही टोकन घ्या आणि इडली आईंना रिक्षात बसूनच खाऊ द्या. दुपारी चारला रांग नसते. तट्टे इडली एकच घ्या, पोडी वेगळी मागा म्हणजे तिखट कमी-जास्त करता येईल.

मग त्याच रिक्षाने खाली बोबाच्या दुकानाकडे. तिथे आत दोन उंच स्टुलं आहेत, आईंना चढता येणार नाहीत, त्यामुळे पार्सलच घ्या. साखर पाव सांगा, बर्फ नको सांगा. आणि एक महत्त्वाचं, गोळे नळीतून एकदम घशात जातात. पहिल्यांदा पिणाऱ्याने हळू ओढावं आणि चावून खावं. आईंना चमचा द्या, तो जास्त सुरक्षित.

---

तवा_आणि_मी

चमच्याचं अगदी बरोबर. आणि ताई, इडलीच्या दुकानात काउंटरवर सरळ सांगा की आईंना उभं राहता येत नाही. बहुतेक ठिकाणी आत मालकाच्या गल्ल्यामागे एखादी खुर्ची असतेच. माझ्याकडे आहे. मागितली की आम्ही आनंदाने काढून देतो, लोक मागत नाहीत.

---

सावकाश_चला

खूप आभार दोघांचे. बुधवारी नेते. आईने आत्ताच विचारलं की बेण्णे डोसा अर्धा मिळतो का.

---

तवा_आणि_मी

अर्धा नाही मिळणार, पण पूर्ण घ्या आणि अर्धा तुम्ही खा. तव्यावरून उतरल्या उतरल्या, लोणी विरघळतंय तोवर.